कागदाचे रान

लातूर जिल्ह्याच्या क्षेत्रफळात जंगलाचा वाटा एक टक्काही नाही. कागद मात्र या जिल्ह्याला भरपूर लागतो. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने लातूर शहर शिकवण्यांचे केंद्र केले, आणि शिकवण्यांमागोमाग प्रश्नसंच, नोट्स, सराव परीक्षा, ओएमआर उत्तरपत्रिका आल्या. शेजारच्या नांदेडला किनवट-माहूरचा सागवानी पट्टा आहे आणि १९९४ पासून स्वतःचे विद्यापीठही आहे. विद्यापीठ म्हटले की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आलेच. या दोन्ही गावांत छापखान्यासाठी कागद घेताना जीएसएम, म्हणजे वजन, पाहतात, पांढरेपणा पाहतात, रीमचा भाव पाहतात. लगदा कुठल्या लाकडाचा, ते लाकूड कोणाच्या जमिनीवर वाढले, तिथल्या माणसांना काय मिळाले, हे कोणी विचारत नाही. वनप्रमाणपत्राचे मोल या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे एफएससी, ही संस्था १९९३ साली स्थापन झाली. तिच्या प्रमाणपत्राचे मुख्यतः दोन प्रकार असतात. एक जंगलाचा किंवा लागवडीचा. दुसरा साखळीचा : लाकूड, लगदा, कागद, व्यापारी, छापखाना, ज्याच्या ज्याच्या मालकीतून माल जातो त्या प्रत्येकाची तपासणी. एक कडी तुटली की एफएससीची खूण गेली. नांदेडच्या मुद्रकाने प्रमाणित कागद आणला, पण स्वतःकडे प्रमाणपत्र नसेल, तर पुस्तकावर ती खूण छापायचा अधिकार त्याला नाही. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते आणि दरवर्षी तपासनीस येतो. हिशेब द्यावा लागणे, हाच या व्यवस्थेचा गाभा आहे.

हा हिशेब का हवा, ते आपल्याच भागाचा इतिहास सांगतो. दांडेलीच्या कागद कारखान्याला कर्नाटक सरकारने टनाला दीड रुपया दराने बांबू दिला होता. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हे प्रकरण अनेकदा मांडले. त्याच बांबूसाठी टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात कितीतरी पट जास्त मोजावे लागत. गडचिरोलीतही बांबू कागद कारखान्याकडे जात होता आणि ज्यांच्या रानातून तो जाई त्या गोंड गावांना तोडणीची मजुरी तेवढी मिळे. त्यांपैकी मेंढा-लेखा या गावाने याला विरोध केला. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला मात्र २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. दरम्यानच्या काळात आपण शाळेत गेलो, वह्या भरल्या, पुस्तके वाचली. त्या पानांचे त्या रानाशी काही देणे असेल, हे आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. एफएससीच्या तत्त्वांमध्ये स्थानिक आदिवासींच्या हक्कांचे एक स्वतंत्र तत्त्व आहे. मला ते झाडांच्या मोजणीइतकेच महत्त्वाचे वाटते.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने चित्र पालटले. कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट नाते जोडून उभा करावा, असे धोरण ठरले. आज भद्राचलमजवळच्या सारपाक्याचा कारखाना असो की राजमहेंद्रीचा, लाकूड मुख्यतः शेतातल्या सुबाभूळ, निलगिरी, सुरूचे असते. हे दोन्ही कारखाने गोदावरीकाठचे आहेत. लातूरची मांजरा गोदावरीला मिळते आणि पुढे ते पाणी त्यांच्या दारावरून वाहते. म्हणून प्रमाणित कागद घेणे मला दूरच्या देशाच्या ग्राहकाची आवड वाटत नाही. याच खोऱ्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या झाडाला भाव देण्याचा तो मार्ग आहे.

तरी या व्यवस्थेवरचे आक्षेप खरे आहेत. तपासणाऱ्या संस्थेला पैसे तपासून घेणाराच देतो. निलगिरीच्या एकसुरी लागवडीला प्रमाणपत्र मिळाले म्हणून तिचे जंगल होत नाही. आणि लग्नपत्रिका, बिलबुके, पावतीपुस्तके छापणाऱ्या दोन मशीनच्या छापखान्याने शुल्क, नोंदी आणि वार्षिक तपासणीचा भार का उचलावा? त्याचे गिऱ्हाईक तर दोन रुपयांसाठी दुसरीकडे जाते. लहान मुद्रकांनी मिळून सामूहिक प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे, ती नांदेड-लातूरच्या मुद्रकांच्या संघटनांनी तरी अजमावून पाहावी. शिवाय भारतातला बराचसा कागद रद्दीपासून बनतो, काही उसाच्या चिपाडापासून. त्याला जंगलाच्या दाखल्याची गरज नाही. रद्दी गोळा करणाऱ्या बाईचे काम या हिशेबात मोठे मानले पाहिजे.

पण सगळा भार मुद्रकावर टाकणे अन्यायाचे आहे. कागदाचे मोठे खरेदीदार सरकारी आहेत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात श्रेयनामावलीच्या पानावर कागदाचा प्रकार छापलेला असतो : ७० जीएसएम क्रीमवोव्ह. वजन सांगितले, जात सांगितली. मूळ सांगायला एक ओळ पुरे. मंडळाने, विद्यापीठाने, जिल्हा परिषदेने निविदेत अट घालावी की कागद प्रमाणित लागवडीचा, रद्दीचा किंवा चिपाडाचा असावा आणि त्याचा पुरावा जोडावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना जाहीर केली आहे, तिच्यात जंगलाबाहेरच्या झाडांचाही विचार आहे. म्हणजे अट घालायला परदेशी खुणेवाचून अडायचे कारण उरलेले नाही.

या अटीचा लाभ लातूरलाही होऊ शकतो. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने शेतातला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला, तोडणी-वाहतुकीचा जाच कमी झाला. औसा तालुक्यातल्या लोदग्याहून शेतकरी नेते पाशा पटेल बांबू लागवडीचा आग्रह गेली काही वर्षे धरत आहेत. हा बांबू उद्या लगद्याला गेला, तर प्रमाणपत्रासाठी एक-दोन एकरवाल्यांची नोंद गटाने करावी लागेल. एकेकट्याला तो खर्च झेपणार नाही. ते काम शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आतापासूनच, लागवडीच्या पहिल्या वर्षापासून, सुरू करायला हवे. नोंदी मागाहून तयार करता येत नाहीत.