परदेशी निघणाऱ्यांची तयारी

(शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १)



आपल्या मंडळीतील कोणी मुलगा वा मुलगी परदेशातील ग्रीष्मशाळेस निघाली, म्हणजे घरी मोठी धांदल उडते. पारपत्र, व्हिसाचे कागद, प्रवासाचे भाडे ह्यांची विवंचना सुरू होते. ही कामे वेळेवर केलीच पाहिजेत. आळसाला आम्ही श्रद्धा म्हणत नाही. इंग्लंड-अमेरिकेतील दीर्घ सुटी जून ते ऑगस्ट ह्या सुमारास येते, आणि तेव्हा आपल्याकडे पाऊस व शाळा दोन्ही सुरू झालेली असतात. म्हणून गुरुजनांची परवानगी आगाऊ घ्यावी. इंग्लंडातील उन्हाळा आपल्या वैशाखासारखा नसतो. पेटीत एक लोकरीचे वस्त्र असू द्यावे. जून महिन्यात तेथे रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. ज्यास दिवेलागणीस प्रार्थना करण्याची सवय आहे, त्याने घड्याळाची वेळ नेमून ठेवावी.

आईबापांसही एक विनंती आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वी पाळकांशी व मंडळीच्या पंचांशी विचार करा. ग्रीष्मशाळा काही आठवड्यांत संपते. कर्ज मात्र वर्षानुवर्षे उंबऱ्यावर बसून राहते.

परंतु कागद झाले, पेटी भरली, म्हणजे तयारी संपली काय? शास्त्रपाठातील चार तरुणांकडे पाहा. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या ह्यांस बंदिवान करून बाबेलास नेले. तेथे त्यांनी तीन वर्षे खास्द्यांची भाषा व विद्या शिकावी आणि राजाच्या ताटातले अन्न खावे, असे ठरले. त्यांची नावेही बदलण्यात आली. त्यांनी विद्येचा तिरस्कार केला नाही. उलट परीक्षेत ते सर्वांच्या पुढे गेले. परंतु आपण कोठे थांबावयाचे, ह्याचा निश्चय दानीएलाने मनात केला होता. ताट पुढे आल्यावर विचार करू लागणारा मनुष्य बहुधा जेवूनच उठतो! शिवाय दानीएल कोणाशी भांडला नाही. त्याने नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवसांची कसोटी मागून घेतली.

तरुणांनो, तुम्हीही संगत, पैसा, खाणेपिणे व प्रभूचा दिवस ह्यांविषयीचा निश्चय घरी असतानाच करा. परक्या देशात तुम्हांस ओळखणारा कोणी नसेल, तेव्हाच तुम्ही कोण आहात हे कळेल. दानीएल म्हातारा झाला तरी यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकीत असे. तुमच्याही मनाची एक खिडकी आपल्या गावाकडे उघडी असू द्या.

आता मागे राहणाऱ्यांविषयी. १८८६ साली जुलै महिन्यात अमेरिकेतील माउंट हर्मन येथे मूडीसाहेबांच्या देखरेखीखाली महाविद्यालयीन तरुणांची ग्रीष्मशाळा भरली. सुमारे अडीचशे विद्यार्थी जमले. त्यांत रॉबर्ट वाइल्डर हा तरुण होता. त्याचा जन्म १८६३ साली आपल्या कोल्हापुरात, मिशनरी आईबापांच्या घरी झाला होता. ती शाळा केवळ तरुण पुरुषांसाठी होती. त्याची बहीण ग्रेस हिला तेथे जाता आले नाही. परंतु भाऊ निघण्यापूर्वी दोघे मिळून प्रार्थना करीत असत, आणि शंभर तरुण परदेशी सेवेस तयार होतील असा तिचा विश्वास होता. शाळा संपली तेव्हा खरोखरच शंभर जणांनी तशी तयारी दाखविली होती. पुढे ती दोघे भावंडे हिंदुस्थानात सेवेस आली.

पाहा, जी गेली नाही तिचाही त्या शाळेत केवढा वाटा होता! धर्मशिक्षकांनो, जो विद्यार्थी निघेल त्याचे नाव निघण्यापूर्वीच प्रार्थनासभेत घ्या, आणि तो परत येईपर्यंत घेत राहा. तो परतल्यावर हारतुऱ्यांवर भागवू नका. त्यास शब्बाथशाळेत मुलांपुढे उभे करा आणि म्हणा, “बाळ, काय शिकलास ते आम्हांसही शिकव.” ज्याला गावाने प्रार्थनेने पाठविले व कामास लावून पुन्हा घेतले, त्याला गावाची लाज वाटावयाची नाही.

दानीएलाचा देव आपल्या लेकरांस जाताना व येताना सांभाळो. आमेन.