पोत्याला किती दोष द्यायचा?

खंडाळा तालुक्यातल्या लोणंदचा कांदा बाजार मोठा. तिथल्या एखाद्या हमालाच्या जांघेत गाठ आली, तर कारण शोधायला कुणी बसत नाही. पोती उचलून अंतर्गळ (हर्निया) झाला, विषय संपला. सातारा-सांगलीकडच्या तालमींतही, लंगोट सैल राहिला की अंतर्गळ होतो, असं पोरांना बजावतात.

हे अडाणीपण म्हणून झटकून टाकता येत नाही. सुश्रुतसंहितेत अंत्रवृद्धीची, म्हणजे अंतर्गळाची, कारणं सांगताना जड ओझं वाहणं, आपल्यापेक्षा बलवानाशी झुंजणं आणि झाडावरून पडणं ही मोजकी, डोळ्यांदेखत घडणारी उदाहरणं येतात. हमाल आणि पैलवान दोघेही त्यात आहेत. आतडं जांघेपर्यंतच आलं असेल तर सुश्रुत डाग द्यायला सांगतो. अंडकोशात उतरलं, तर उपचाराच्या भानगडीत पडू नये म्हणतो.

युरोपातही पुष्कळ काळ जोर आणि ताण यांनाच दोष मिळाला. शवविच्छेदन वाढलं तशी नजर ओझ्यावरून पोटाच्या भिंतीकडे वळली. मुलगा आईच्या पोटात असताना वृषण ज्या वाटेने खाली उतरतं, ती वाट पुढे बुजायला हवी. काहींची ती पुरती बुजत नाही, पिशवीसारखी उघडी राहते. ऑस्ट्रेलियातले सर्जन हॅमिल्टन रसेल यांनी 1906 मध्ये ही जन्मजात पिशवीच खरं कारण असल्याचं ठासून मांडलं. म्हणजे पोतं निर्दोष! लहान मुलांपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण पन्नाशीनंतर गाठ येणाऱ्यांचं काय? अमेरिकेतले रेमंड रीड यांना शस्त्रक्रिया करताना अशा रुग्णांच्या पोटाचं आवरण पातळ लागत होतं. 1970 च्या सुमारास त्यांनी त्याचे सारख्या मापाचे तुकडे तोलले, तर ते निरोगी माणसांच्या तुकड्यांहून हलके भरले. पुढे त्यांनी धूम्रपानाशी याचा संबंध जोडला: धुराने फुप्फुसाची जाळी विरते, तसं पोटाचं आवरणही विरतं. झिजलेल्या टायरमधून ट्यूब डोकावते, त्यातला हा प्रकार. म्हणून हमालाच्या पाठीवरच्या पोत्याइतकीच त्याच्या खिशातल्या बिडीची चौकशी व्हायला हवी. जुना खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढल्याने लघवीला द्यावा लागणारा जोर, हेही त्याच भिंतीला ढकलत असतात.

कारणाची समज बदलली तसा उपचारही बदलला. इटलीच्या बासिनींनी 1884 पासून भिंत टाके घालून शिवली. पण विरलेलं कापड ओढून शिवलं की पुन्हा उसवतं. म्हणून 1980 च्या दशकात सर्जन लिश्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी 2001 मध्ये वेगळी वाट मांडली: परकी जाळी नकोच, रुग्णाच्याच पोटावरच्या स्नायूआवरणाची पट्टी न तोडता मागच्या भिंतीला आधार म्हणून शिवायची. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाच्या डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांची अडचण साधी होती. जाळी गरिबाला परवडत नव्हती. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. मोठ्या शहरांतल्या सर्जनांनी नाकं मुरडली असतील, पण युगांडात अशाच स्वस्त जाळीची तुलना महागड्या जाळीशी झाली आणि 2016 मध्ये निष्कर्ष आला, की दोन्हींत लक्षणीय फरक नाही.

मग पोतं सुटलं का? नाही. ओझ्याने अंतर्गळ होतोच, असं सगळे अभ्यास सांगत नाहीत. पण कच्ची भिंत असलेल्यावर रोजचं ओझं लादणं शहाणपणाचं म्हणता येणार नाही. शिवाय 'जन्मजात दोष आहे' हे वाक्य मालकाच्या फार सोयीचं असतं. ते त्याच्या हाती द्यायची माझी तयारी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोच्या आसपास ठेवायला सुचवलं. आपल्याकडे क्विंटलच्या पोत्याविरुद्ध हमालांचे नेते बाबा आढाव यांच्यासारख्यांना लढावं लागलं. ते स्वतः वैद्यकी केलेले होते, हे इथे विसरू नये.

आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ लाजेपोटी वर्षानुवर्षं पट्ट्याखाली झाकली जाते. पट्टा भिंत दुरुस्त करत नाही. गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा चोळू नका, बाजार उठायची वाट पाहू नका. त्याच तासाला शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात जा.