विस्तव आणि निर्वाण

लडाखच्या पूर्वेस, साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर पसरलेल्या चांगथांगच्या पठारावर, जिथे सरपणाजोगे झाड दृष्टीस पडत नाही आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तिथे एका चांगपा कुटुंबाच्या तंबूत मी जानेवारीतील तीन रात्री मुक्काम केला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. परंतु त्या तंबूतल्या चुलीने माझ्यापुढे टाकलेला एक प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही.

याकच्या केसांचे सूत काढून विणलेल्या ह्या काळ्या तंबूला तिकडे रेबो म्हणतात. आत जमीन खणून खोलगट केलेली, कडेने दगडांची बुटकी भिंत आणि तिच्यावर ताणलेले ते जाडेभरडे कापड. माथ्यावर मात्र धूर जाण्यासाठी एक लांबट फट राखलेली असते. मधोमध चूल. मी पाहिली ती पत्र्याची होती आणि तिचे धुराडे त्या फटीतूनच बाहेर काढले होते. जळण म्हणजे याकचे वाळलेले शेण आणि शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या. ह्या जळणाला लाकडाचा दम नाही, म्हणून घरातली म्हातारी (तिला सारे अबी-ले म्हणत) घटकेघटकेला उठून चिमट्याने चुलीत भर घाली आणि बकऱ्याच्या कातड्याच्या भात्याने वारा देई. दगडी घराच्या भिंती दिवसभराची ऊब रात्रीसाठी थोडीफार शिल्लक टाकतात. कापडाच्या घराला शिल्लक ठाऊक नाही, तिथला जमाखर्च क्षणाक्षणाला मिटतो. माझे गुडघे शेकून लाल झाले होते आणि त्याच वेळी पाठीमागे ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

चुलीच्या पलीकडे, तंबूच्या मानाच्या जागी, बुद्धमूर्तीपुढे लोण्याचा दिवा तेवत होता, आणि अबी-लेंच्या एका हातात जपमाळ होती, दुसऱ्या हातात भाता. ह्या दृश्याने मी अस्वस्थ झालो. ज्या धर्मात परमगतीचे नावच मुळी निर्वाण, म्हणजे विझणे, असे आहे, ज्याच्या शास्त्याने गयाशीर्षावर, पूर्वी अग्नीची उपासना करणाऱ्या एक हजार जटाधारी तापसांना, चक्षूपासून मनापर्यंत सारे काही पेटलेले आहे असा उपदेश केला, त्या धर्माची ही उपासिका जन्मभर एकच काम करीत आली होती: विस्तव विझू न देण्याचे.

पाली भाषेत उपादान ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक इंधन आणि दुसरा आसक्ती. आणि हे केवळ शब्दसाम्य नव्हे, तर ह्या दर्शनाचा कणाच आहे. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने मुक्त पुरुष मरणोत्तर कुठे जातो असे विचारले, तेव्हा बुद्धांनी त्याला उलट विचारले की विझलेला अग्नी पूर्वेस जातो की पश्चिमेस. प्रश्नच गैरलागू, कारण इंधन संपले एवढेच झाले. आपल्या मराठीत ह्या वाङ्मयाचा परिचय करून देणारे धर्मानंद कोसंबी यांनी 1947 साली सेवाग्रामात अन्नत्याग करून देह ठेवला, तेव्हा त्यांनी ह्या विचाराची जणू स्वतःच्या देहावर रुजवात घातली. परंतु कोसंबींच्या चुलीभोवती त्या वेळी कोणी लेकरू निजलेले नव्हते. रेबोत सहा माणसे निजली होती, आणि पायथ्याशी नुकतीच जन्मलेली दोन कोकरे.

हा केवळ दृष्टान्त आहे, त्यातला अग्नी लोभ-द्वेष-मोहांचा, चुलीतला नव्हे, असे पंडित सांगतील. खरे आहे, पण दृष्टान्तालाही हवामान असते. वैशाखात होरपळणाऱ्या मगधात मुक्ताला शीतिभूत, म्हणजे निवालेला, म्हणणे गोड वाटले असेल; चांगथांगात निवालेला माणूस म्हणजे प्रेत. आपल्याकडे तर एवढी थंडी नसूनही विझणे हा शब्द जिभेवर येत नाही. आपण दिवा मालवतो, आणि चूल विझली म्हणजे घर मोडले असे समजतो. महायानाने ह्यावर बोधिसत्त्वाचा तोडगा काढला: इतरांची सुटका होईपर्यंत ज्याने स्वतःचे विझणे लांबणीवर टाकले आहे तो. उत्तर सुंदर आहे, पण मला ते जरा सोयीचे वाटते. लांबणीवर टाकलेल्या गोष्टीची ओढ मनात राहतेच, आणि अबी-लेंच्या तोंडावर कसलीही ओढ दिसत नव्हती.

दुसऱ्या रात्री वारा सुटला. माथ्यावरच्या फटीतून उतरणारी थंडी मला सोसेना, तेव्हा सारे निजल्यावर मी उठून एक जुने घोंगडे धुराड्यापासून अंतर राखून त्या फटीवर ओढले आणि आपल्या शहाणपणावर खूश होऊन झोपलो. जाग आली ती जड डोक्याने. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम सत्तावन्न टक्के. त्यात धुमसणाऱ्या शेणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस उबेत निजतो आणि निजलेलाच राहतो. अबी-ले उठल्या होत्या. त्यांनी घोंगडे काढले, घडी घालून माझ्या पायांवर टाकले, आणि रागाचा एक शब्दही न बोलता भाता घेऊन बसल्या. त्या जन्मभर विस्तव राखीत होत्या, पण फट त्यांनी कधी बुजवली नव्हती. आसक्त मी होतो, आणि तोही तीन रात्रींच्या पाहुण्याच्या हक्काने.

तेव्हापासून माझ्या मनात उपादानाचे दोन अर्थ पहिल्याइतके एकजीव राहिलेले नाहीत. चुलीत शेण घालणारा हात आणि भोक बुजवणारा हात ह्यांना एकच शब्द लावावा की नाही, हे बुद्धांना विचारायला हवे होते.

निघण्याच्या दिवशी पहाटे अबी-लेंनी चिमट्याने राख बाजूला सारली. खाली सुपारीएवढे तीन निखारे होते. त्यांनी त्यांवर मूठभर लेंड्या पसरल्या, भाता माझ्या हाती दिला, आणि मी जोराने फुंकर घालू लागताच माझे मनगट धरून तो हळू दाबायला लावला.