धारावाहिक ज्ञान आणि एफ५ची कळ

संगणकावर उघडलेले पान ताजे करायचे तर कळफलकावरची एफ५ ही कळ दाबतात, नाहीतर कंट्रोल आणि आर या दोन कळा एकत्र; मॅकवर कमांड आणि आर. मोबाइलवर पान बोटाने खाली ओढले की तेच काम होते. ब्राउझर तेव्हा साधारणपणे सर्व्हरला विचारतो, की जवळची प्रत अजून चालेल का. काहीच बदललेले नसेल तर सर्व्हर पान पुन्हा पाठवत नाही. ३०४ एवढा संकेत येतो आणि साठवलेलीच प्रत पडद्यावर दिसते. ती प्रत पूर्णपणे टाळायची असेल तर विंडोजवर कंट्रोल आणि एफ५.

३०४ आल्यावर अक्षरन् अक्षर तेच राहते. मग पाहणाऱ्याला नवे काय कळले?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न घटाच्या उदाहरणावर सोडवायला घेतला. समोरच्या घटाकडे सलग पाहत राहिले, की ‘हा घट, हा घट’ अशी ज्ञानांची रांग लागते. तिला धारावाहिक ज्ञान म्हणतात. नैयायिकांना तिची अडचण नाही. अनुभव यथार्थ असला की त्यांना पुरते, तो नवा असण्याची अट ते घालत नाहीत. भाट्ट मीमांसकांच्या मते मात्र आधी न कळलेले कळवते तेच प्रमाण. पेच खरा त्यांच्यापुढे होता. त्यांनी काढलेली वाट फार सूक्ष्म आहे: वस्तूबरोबर काळही भासतो, म्हणून दुसऱ्या क्षणाचा घट पहिल्या ज्ञानाला कळलेलाच नव्हता. धर्मराज अध्वरींद्रांनी ‘वेदान्तपरिभाषे’च्या आरंभीच हा विचार घेतला आहे.

मुंबई लोकलच्या हार्बर मार्गावरच्या खांदेश्वर स्थानकात रविवारी उभ्या असलेल्या प्रवाशाला या वाटेचे मोल कळते. शनिवारी उघडलेले वेळापत्रक मोबाइलमध्ये तसेच असते, पण ते स्मृतीच्या जातीचे, आधी कळलेलेच पुन्हा देणारे. मेगाब्लॉक लागला असेल तर ते बाधित होते. पान ताजे केल्यावर तीच वेळ दिसली, तरी ‘गाडी आत्ताही आहे’ हे ‘आत्ताही’ शनिवारच्या पानात नव्हते. ज्या खांदेश्वर महादेवावरून या भागाला नाव मिळाले, त्याच्या दर्शनाला रोज येणाराही कालच्या दर्शनावर आजचे भागवत नाही. पिंडी तीच असते, आजचे दर्शन आजचेच असते. भाट्टांचे उत्तर इथे अधिक खरे वाटते, कारण ते न बदललेल्या वस्तूकडे पुन्हा वळण्याला ज्ञानाचा मान देते.

पान ताजे करण्याला मात्र एक मर्यादा आहे. ताजे पान म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, ते शब्दप्रमाण. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त शब्द म्हणजे आप्तवाक्य, आणि आप्त म्हणजे जसे आहे तसे सांगणारा. माहिती भरणाऱ्यानेच ती बदलली नसेल तर कळ कितीही वेळा दाबली तरी जुनेच वाक्य नव्याने ऐकू येते. ३०४ हा संकेतही पान बदलले नाही एवढेच सांगतो. रुळांवर काय घडले, हे त्याच्या कक्षेत येत नाही.