चार दिवसांचा जोडारी

यंत्राचे सुटे भाग जुळविण्याचे काम मनुष्यास किती दिवसांत शिकविता येते, हा प्रश्न सामान्यतः कारखानदारांचा समजला जातो. आमच्या मते तो नीतिशास्त्राचाही आहे. कारण ज्यास जितके शिकविले, त्याहून अधिक जबाबदारी त्याच्या माथी मारणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

हेन्री फोर्ड याने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात कारखान्यातील कामांचा हिशेब दिला आहे. त्यांपैकी शेकडा ४३ कामे शिकण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागत नाही, आणखी शेकडा ३६ कामांस एक दिवस ते एक आठवडा पुरतो, असे तो सांगतो. यात अभिमानास जागा नाही, असे म्हणवत नाही. ज्यास धड त्या देशाची भाषाही येत नव्हती, असा परका मनुष्यही तेथे थोडक्या दिवसांत कामास लागे.

जुन्या उस्तादाची रीत याहून उदार होती, असा एक गोड समज आपल्या सुशिक्षित घरांत आढळतो. उमेदवार पोराने वर्षानुवर्षे झाडलोट करावी, चहा आणावा, आणि मर्माची गोष्ट उस्तादाने पाठ फिरवून उरकावी, ही तऱ्हा काही आपल्याकडे अपरिचित नाही. विद्या लपविण्याची ही खोड मोडण्यास अल्पमुदतीच्या शिक्षणाचा मोठाच हातभार लागला. अमेरिकेत १९४० ते १९४५ या युद्धकाळात सरकारने चालविलेल्या उपक्रमात मुकादमांसाठी दहा तासांचा वर्ग असे. कामाचे टप्पे पाडावे, प्रत्येकातील मर्म सांगावे, करून दाखवावे, करवून घ्यावे, आणि पुढे अधूनमधून येऊन पाहावे. शिकणारा शिकला नाही तर शिकविणारा चुकला, हे त्या वर्गाचे ब्रीद होते. (हीच कसोटी महाविद्यालयांस लावली तर आम्हां प्राध्यापकांपैकी कितीजणांचे आसन स्थिर राहील, हा विचार येथे पुढे न नेलेला बरा.)

तेव्हा दोष केवळ अवधीचा नव्हे. त्या अवधीत काय गाळले जाते, याचा आहे. आठ बोल्टांनी बसवावयाचे एखादे झाकण घ्या. नव्या कामगारास सांगतात की, बोल्ट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावे, आणि टॉर्क रेंच 'टक' वाजला की थांबावे. यास अर्धा तास पुरे. परंतु आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो आखडू पाहतो, आणि त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांस धरून राहतात. आट्यांना नको तेथे तेल लागले असेल तर तेवढ्याच जोराने तो अधिक ताणला जातो. आट्यांत कचरा असेल तर 'टक' वाजूनही तो पुरेसा ताणलेला नसतो. एकाच बाजूने आवळत गेल्यास झाकण तिरपे बसून मधले गास्केट कमीअधिक दबते. हे सांगण्यास आणखी एक तास लागेल, आणि बहुधा हाच तास वाचविला जातो. तो न मिळालेला कामगार पान्याचा शब्द प्रमाण मानतो. तो मिळालेला कामगार पान्यावर संशय घेऊ शकतो.

आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील जोडाऱ्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तेथे मुलगा लोखंडाचा तुकडा कानशीने घासून पुन्हा पुन्हा गुण्याला लावून पाहतो. काम कंटाळवाणे खरे, पण मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे काय, हे बोटांस तेथेच कळते. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने अल्पमुदतीच्या वर्गांस मोठे उत्तेजन दिले. घरच्या ओढगस्तीमुळे ज्यास दोन वर्षे देणे शक्य नाही, त्यास असे वर्ग हाच आधार.

पण उद्या झाकण गळले, चाक निखळले, म्हणजे 'कामगाराचा हलगर्जीपणा' हे शब्द तयारच असतात. काम घेताना ज्यास नुसते हात मानले, त्यास मनही आहे, हे दोष देतेवेळीच कसे आठवते? यावर व्यवस्थापक म्हणतील की, कारणे सांगितली म्हणजे कामगार आपली अक्कल चालवितो व मालात सारखेपणा राहत नाही. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ठरलेला क्रम त्याने मोडू नयेच. परंतु कारण जाणणारा मनुष्य बहुधा क्रम मोडीत नाही, तो काम थांबवून मुकादमास हाक मारतो. खरी भीती निराळी असावी, असा आम्हांस संशय आहे: जाणता झालेला मनुष्य चार पैसे अधिक मिळताच शेजारच्या कारखान्यात जाईल. जाईलही. तेवढ्यासाठी त्यास अजाण ठेवणे म्हणजे त्या जुन्या उस्तादासारखीच पाठ फिरविणे होय.

अपघाताच्या चौकशीच्या कागदावर पाना कोणाच्या हातात होता, हे लिहिलेले असते. त्याखाली आणखी एक रकाना असावा: त्यास काय सांगितले होते, कोणी, आणि किती तासांत. तो भरण्याचे काम मुकादमावर न ढकलता व्यवस्थापकाने स्वहस्ते करावे.