खिल्लार म्हणजे कळप

खिल्लार म्हटलं की डोळ्यांसमोर एक बैल उभा राहतो. पांढराशुभ्र, मागे झुकलेली लांब शिंगं, पायांत वारं. गंमत म्हणजे मराठीत ‘खिल्लार’ या शब्दाचा जुना अर्थ गुरांचा कळप असा आहे. आज ते एका जातीचं नाव आहे आणि आपल्याला दिसतो तो एकटा देखणा बैल. देशी जात वाचवायची असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय वाचवायचं असतं? तो देखणा नमुना, की कळप?

सगळ्यांना सुचणारं उत्तर सरळ आहे. उत्तम वळू निवडा आणि त्याचीच वासरं वाढवा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला. शर्यत गाजवलेल्या खोंडाचा व्हिडिओ फोनवर फिरतो आणि प्रत्येकाला आपली गाय त्याच्याकडूनच फळवून हवी असते. यात गैर काय?

थोडं गणित करू. सिवॉल राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाचं एक सूत्र आहे. नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करायचा, त्याला चारनं गुणायचं आणि एकूण संख्येनं भागायचं. उत्तर येतं ती कळपाची ‘परिणामकारक संख्या’. ५०० गाई आणि २० वळू असतील तर ती साधारण ७७ येते. वळू पाचच असतील तर २०. एकच असेल तर फक्त चार! गोठ्यांत ५०१ जनावरं दिसतात, पण जनुकांच्या हिशेबात तो चार जनावरांचा कळप असतो. कारण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक वासराचा अर्धा वारसा बापाकडून येतो आणि बाप एकच. ही संख्या निदान ५० असावी, असं साधारण मानलं जातं.

कमी झाली तर काय होतं? प्रत्येक जनावरात काही सदोष जनुकं लपलेली असतात. त्यांची एकच प्रत असेल तर सहसा त्रास होत नाही. नात्यातल्या नात्यात पैदास झाली, की दोन सदोष प्रती एकत्र येतात. गाय गाभण राहत नाही, वासरू अशक्त निपजतं. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या होल्स्टीन वळूच्या लेकी भरपूर दूध द्यायच्या, म्हणून त्याचं रेत जगभर गेलं. त्याच्या एका जनुकात दोष होता. बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून तो आला तर गर्भ पोटातच मरतो. त्यामुळे जगभरात पाच लाखांवर गर्भपात झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

दोषी कोण? कुणीच नाही. चीफ निवडणारे लोक आपल्या कामात हुशारच होते. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या गोठ्यापुरता बरोबर आणि सगळ्यांचा मिळून चुकीचा, अशी ही नैतिक अडचण आहे.

यावर एक आक्षेप येतो. इंग्लंडमधल्या चिलिंगहॅमच्या पांढऱ्या रानटी गाई शेकडो वर्षं बाहेरच्या रक्ताशिवाय जगल्या आहेत. १९४७ च्या हिवाळ्यात तर १३ च उरल्या होत्या, तरी कळप पुन्हा वाढला. खरं आहे. पण आपण त्यांची गोष्ट सांगतो, कारण त्या वाचल्या. अशाच कोंडीत संपलेल्या कळपांची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही. एका नशीबवान अपवादावर धोरण ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. ‘वैरण मी घालतो. मग पुढच्या पिढीच्या भल्यासाठी साधारण वळू मी का पोसू?’ दिवसभर स्क्रीनसमोर बसून पगार घेणाऱ्या माझ्यासारख्यानं त्याला त्यागाचं प्रवचन देऊ नये. जात सगळ्यांची आहे असं म्हणायचं, तर वैरणीचा खर्चही सगळ्यांनी उचलावा. प्रदर्शनात देखण्या वळूला बक्षीस मिळतं. तसंच वेगळ्या वंशावळीचा वळू सांभाळणाऱ्याला मानधन का नसावं? गावागावांनी दर काही वर्षांनी वळू बदलावेत, वंशावळीची नोंद ठेवावी. रेत गोठवून ठेवलं की काम झालं असंही नाही. आमच्या धंद्यात एकाच फाइलच्या दहा हजार प्रतींना कुणी पूर्ण बॅकअप म्हणत नाही. एकाच वळूच्या दहा हजार रेतमात्रांचंही तेच.

खिल्लारच्या पोटप्रकारांत आटपाडी महाल, म्हसवड, थिल्लारी यांच्यासोबत एकाचं नाव चक्क ‘नकली’ आहे. शुद्धतेची चाळण लावली तर पहिला बळी तिचाच जाईल. ‘जातिवंत’, ‘अस्सल’, ‘शुद्ध रक्त’ हे शब्द आपण माणसांच्या जगातून गोठ्यात नेले आहेत आणि त्यांनी माणसांचंही फारसं भलं केलेलं नाही. उद्या कुठला रोग येईल, पाऊस किती पडेल, चारा कसला मिळेल, हे आज कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी उपयोगी पडणारं जनुक कदाचित शिंगं वाकडी म्हणून बाजूला काढलेल्या एखाद्या गाईत असेल.

उत्तम काय ते मला कळतं, या खात्रीनं आपण निवड करतो. साधारण जनावर राखणं म्हणजे ती खात्री थोडी सैल सोडणं. जात जपणाऱ्याकडे एवढी नम्रता हवी, आणि तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये.