जरा टेकावं

बसल्या जागी सैल व्हा. पावलं जमिनीला टेकू द्या. श्वास येईल तसा येऊ द्या.

मन १९६२च्या ऑक्टोबरात न्या. भूतानच्या सीमेलगत, थागलाच्या डोंगराखाली नामका चू नावाची नदी वाहते, दहा हजार फुटांहून उंचावर. तिच्या काठी आपली सातवी ब्रिगेड होती. अंगात सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी हल्ला झाला आणि काही तासांत फळी मोडली. वाचलेले रानात शिरले. कुणी भूतानच्या वाटेला लागले. ब्रिगेडचे प्रमुख, ब्रिगेडिअर जॉन दळवीही मूठभर माणसांसह डोंगरात भटकत राहिले.

लढाई इथेच सोडा. दोष कुणाचा, हा वाद आजही संपलेला नाही. आज तो नको. त्या वाटेवरच्या एखाद्या शिपायामागून चला. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

त्याचे पाय पाहा. भिजलेले, सुजलेले. थंडी वाढली की शरीर बोटांतलं रक्त आखडून घेतं, काळीज ऊबदार राखायला. आधी बोटं सोडायची, मग पावलं. कुणाला विचारत नाही ते. थांबा. तुमच्या बोटांत ऊब जाणवते का?

मरण म्हटलं की आपल्याला गोळी आठवते. तिथे ते फार हलक्या पावलांनी येतं. गारठा हाडांत शिरला की थरथर थांबते, गुंगी येते, आणि वाटतं, जरा टेकावं. एवढंच. शत्रू निदान ओळखू तरी येतो. हे मरण विसाव्यासारखं दिसतं. अशा वेळी पुढच्यानं मागे वळून बखोटीला धरलं, तरच माणूस उठतो.

श्वास सोडा. तुम्हालाही कधी असंच टेकावंसं वाटलं असेल. तो दिवस आठवू द्या, ढकलू नका. तेव्हा बखोटीला कुणी धरलं होतं? चेहरा सावकाश समोर येऊ द्या. कुणीच आलं नसेल, तर तेही असू द्या.

पराक्रम, कीर्ती हे शब्द त्या शिपायाच्या मनातून केव्हाच गळले असावेत. मला वाटतं, उरली असेल फक्त पुढच्याची ओली पाठ. ती नजरेआड होऊ नये, एवढी एकच इच्छा. त्या पाठीकडे पाहत दहा श्वास घ्या.

दळवी २२ ऑक्टोबरला चिन्यांच्या हाती लागले आणि मे १९६३मध्ये परतले. त्यांच्या ब्रिगेडमधले कित्येक जण त्या डोंगरांतून आलेच नाहीत.

आता वाचणं थांबवा. पायांची बोटं हलवून पाहा.